गीतरत्न

बायबलच्या जुन्या करारातील एक काव्यग्रंथ. मूळ हिब्रू नाव ‘शीर हश्शीरीम’ म्हणजे ‘गीतांतील सर्वश्रेष्ठ गीत’. आठ अध्याय व ११७ वचने एवढाच त्याचा विस्तार असून त्यात प्रियकर व प्रेयसी यांची परस्परांस उद्देशून केलेली भाषणे आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक भाग प्रेयसीच्या तोंडी आहे. प्रारंभी शलमोन राजाचे नाव येत असल्यामुळे परंपरेने ग्रंथाचे कर्तृत्व त्याच्याकडे दिले जाते. तथापि ‘पर्देस’ (उपवन) यासारखे इराणी मूळाचे शब्द पाहता ग्रंथास आजचे रूप शलमोनानंतर कित्येक शतकांनी आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. द्राक्षमळे, डाळिंबे, हरिणे, लेबानोनचे गंधसरू आणि नाना सुगंध यांनी हे काव्य भरलेले आहे. त्यातील ‘नेर्द’ हे सुगंधी द्रव्य म्हणजे हिमालयातील जटामांसी असून तो शब्द संस्कृत ‘नलद’ पासून आला, असे मानतात.

या काव्यात ईश्वराचा स्पष्ट उल्लेख एकदाही नाही. आठव्या अध्यायात ज्वालेसाठी योजलेल्या एका शब्दाच्या अखेरीस ईश्वरनामाचा संक्षेप आहे, असे काही जण मानतात. पण त्याबद्दल एकमत नाही. असे काव्य धर्मग्रंथात टिकून राहिले, याचे एक कारण जुन्या करारातच सापडते. परमेश्वर हा पती व इझ्राएल ही त्याची पत्नी, हे रूपक होशेय या संदेष्ट्याने पूर्वीच रूढ केले होते. इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात रब्बी अकिबा याने गीतरत्नास सर्व पवित्र लेखनांत परमपवित्र ठरविले. मेजवान्यांत ते गाणाऱ्याचा त्याने कठोर निषेधही केला. म्हणजे लोक ते साधे प्रेमगीत म्हणून गात होते, हेही उघड आहे. अरामी भाषेतील ‘तार्गुम’ या भाष्यरूप अनुवादात मिसर देशातून झालेल्या सुटकेपासून मसीहाच्या आगमनापर्यंतचा इझ्राएलचा इतिहास या काव्यातून उलगडला आहे. वल्हांडण सणाच्या काळात ज्यू लोक हा ग्रंथ वाचतात.

ख्रिस्ती परंपरेत ऑरिजेन (सु. १८५–२५४) याने वधू म्हणजे ख्रिस्तमंडळी आणि वधू म्हणजे प्रत्येक जीवात्मा, असा दुहेरी अर्थ लावला. क्लेर्व्होचा बर्नार्ड (१०९०–११५३) याने १८ वर्षांत ८६ प्रवचने दिली. तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचला. भक्तिचिंतनाच्या दृष्टीने मीलनापेक्षा विरहाचे प्रसंग अधिक फलदायी ठरले. प्रेयसी रात्री नगरात प्रियकराचा शोध घेते. पहारेकरी तिला मारतात. दार उघडते तो प्रियकर निघून गेलेला असतो. ईश्वराचे सान्निध्य लाभून पुन्हा हरपणे, या साधकाच्या अनुभवाला येथे शब्द मिळाले. स्पॅनिश संतकवी क्रूसभक्त योहान (१५४२–९१) याने १५७७-७८ मध्ये टोलेडो येथील कारावासात आपल्या ‘आध्यात्मिक गीता’चा बराचसा भाग रचला, तो याच शोधावर आधारलेला आहे. आव्हिलाची तेरेसा हिने गीतरत्नावर लिहिलेले चिंतन मात्र तिच्या धर्मोपदेशकाने तिला जाळावयास लावले. प्रती इतरत्र असल्यामुळे ते वाचले.

रूपकार्थ नाकारणे धोक्याचे होते. मॉप्सुएस्तियाचा थिओडोर याच्या शाब्दिक अर्थाचा त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, कॉन्स्टँटिनोपल येथील ५५३ च्या धर्मपरिषदेत, त्याच्याविरुद्ध आधार घेण्यात आला. लुइस दे लेओन या विद्वान संन्याशास धर्मन्यायपीठाने १५७२ ते १५७६ पर्यंत कैदेत ठेवले. लोकभाषेत गीतरत्न उतरविणे हाही त्याच्यावरील एक आरोप होता. हेर्डर या जर्मन विचारवंताने १७७८ मध्ये मानवी प्रेमाची गीते म्हणूनच त्यांचा अनुवाद केला. पुढे सिरियातील विवाहगीते व प्राचीन ईजिप्तमधील प्रेमगीते यांच्याशी असलेले साम्य पुढे आल्यावर शाब्दिक अर्थ बहुतेक अभ्यासकांना मान्य झाला. फ्रान्ट्‌स रोझेन्‌त्स्वाइग या ज्यू तत्त्वज्ञाने १९२१ मध्ये दोन्ही अर्थ अविभाज्य मानले : मानवी प्रेम हे ईश्वरी प्रेमाचे वरवरचे आवरण नसून तेच त्याचे बोलणे होय. मध्ययुगीन रूपकांच्या तपशीलवार ओढाताणीपेक्षा हे मत काव्याच्या अधिक जवळचे आहे.

एडविन अर्नल्डने १८७५ मध्ये जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’चा इंग्रजी अनुवाद करताना त्यास ‘भारतीय गीतरत्न’ म्हटले. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांशीही गीतरत्नाचे भावसाम्य आहे. परंतु राधा किंवा विरहिणी ज्याच्यासाठी व्याकुळ होते, तो प्रथमपासूनच देव म्हणून ओळखीचा आहे. गीतरत्नातील प्रियकर मात्र कोण, हे काव्य कोठेच सांगत नाही.