वेखंड
वेखंड (शास्त्रीय नाव: अ‍ॅकोरस कॅलॅमस, संस्कृत: वचा, उग्रगंधा) ही अ‍ॅकोरेसी कुलातील बहुवर्षायू, सुगंधी पाणथळ वनस्पती आहे. पूर्वी तिचा समावेश अळूच्या कुलात केला जात असे. पाने तलवारीसारखी लांब असून मूलक्षोड जमिनीत आडवे वाढते.

लागवड
डोळे असलेले मूलक्षोडाचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी सुमारे ३० सेंमी अंतरावर चिखलात लावतात. मुळाशी सतत ओल लागते. नाशिकमधील सातपूरसारख्या भागात पावसाळ्यानंतर अनेक महिने कोरडे जातात. तेथे परसबागेत उथळ हौदात किंवा तळाला छिद्र नसलेल्या कुंडीत वेखंड वाढवता येते. पाने पिवळी पडू लागल्यावर मूलक्षोड काढून वाळवतात.

दक्षता
ही वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेते. त्यामुळे कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेल्या नाल्याकाठचे वेखंड औषधास योग्य नसते. महाराष्ट्रात बाळगुटीत वेखंड उगाळून देण्याची प्रथा आहे. तथापि भारतीय वेखंडात बीटा-असारोन या घटकाचे प्रमाण अधिक असते. प्राण्यांवरील प्रयोगांत वेखंडाचे तेल कर्करोगकारक आढळल्याने अमेरिकेने १९६८ साली अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना ते पोटात देणे, विशेषतः तान्ह्या बाळांना, धोक्याचे ठरते. कपड्यांत व धान्यात कीड लागू नये म्हणून मात्र ते आजही ठेवले जाते.