खाडा की रजा?

दुकानाचे शटर वर जाण्यापूर्वी केरवारा व्हावा, लादी पुसली जावी, ही प्रत्येक पेढीची रीत. हे काम करणाऱ्या मावशी एखाद्या दिवशी आल्या नाहीत, की मगच त्यांची आठवण होते. महिनाअखेरीस वहीत त्या दिवसापुढे ‘खाडा’ लिहिला जातो आणि पगारातून तेवढी रक्कम वजा होते. तो दिवस आळसाचा होता की तापाचा, याची नोंद वहीत नसते.

सफाईचे काम शरीर झिजवणारे आहे. सतत वाकल्याने कंबर व गुडघे दुखतात. पाणी आणि फिनेल यांनी हातांची त्वचा फाटते. कोरडे झाडताना उडणारी धूळ दम्याचा त्रास वाढवते. शौचालय लवकर स्वच्छ व्हावे म्हणून ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास क्लोरीन वायू निघतो आणि तो फुफ्फुसांना इजा करतो. म्हणजे आजार पुष्कळदा कामातूनच जडतो, भुर्दंड मात्र आजारी माणसावर पडतो. मग खाड्याच्या भीतीने ताप अंगावर काढला जातो, दुखणे लांबते आणि संसर्गजन्य आजार असल्यास तो दुकानातील इतरांनाही गाठतो.

यावर कर्मचारी राज्य विमा योजनेत तरतूद आहे. साधारणतः 10 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांतील, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्या कक्षेत येतात. वर्गणी मालकाची 3.25 टक्के व कर्मचाऱ्याची 0.75 टक्के. 10,000 रुपये पगार असल्यास मालकाचे 325 आणि कर्मचाऱ्याचे 75 रुपये होतात. वर्गणीची अट पूर्ण झालेली असल्यास आणि वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. शिवाय कुटुंबावर उपचारही होतात. सफाई ठेकेदारामार्फत होत असली, तरी आपल्या आवारात काम करणाऱ्यांची वर्गणी भरली जाते की नाही, हे आपणच तपासावे.

परंतु आपली पुष्कळशी दुकाने चार-सहा माणसांची. तेथे ही योजना सहसा पोहोचत नाही. तेथे मालकाचा निर्णय हाच नियम ठरतो. महिन्याला एक दिवस आजारपणाची पगारी रजा दिली, तर 10,000 रुपये पगारावर वर्षाकाठी सुमारे 4,000 रुपयांचा भार येतो. न घेतलेली रजा पुढे साठू द्यावी, कारण आजार महिन्यांच्या हिशेबाने येत नाही. एक-दोन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये. त्या चिठ्ठीची फी कधीकधी दिवसाच्या मजुरीइतकी असते. बदली माणूस आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे आजारी व्यक्तीला बोलावून घेण्याची वेळ येणार नाही. रबरी हातमोजे द्यावेत आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर वेगवेगळ्या जागी ठेवावी.

पुढील महिन्याचा पगार करताना वहीत एक रकाना वाढवावा: ‘आजारपणाची रजा’. रोज सकाळी आपले दुकान उघडण्याजोगे करणाऱ्या माणसाचा तो हक्काचा रकाना आहे.