गोडबोल्याला इंग्रजीत काय म्हणावं?

‘तोंडात मध, पोटात तलवार’ ही चिनी भाषेतली चार अक्षरांची म्हण. ती आठव्या शतकात तांग दरबारातल्या ली लिनफू या प्रधानाला चिकटली. समोर कौतुक करायचं आणि मागून काटा काढायचा, ही त्याची रीत सिमा ग्वांगच्या १०८४ साली पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात नोंदलेली आहे. आपल्या ‘ओठात एक, पोटात एक’ची ही सख्खी बहीणच.

अशा म्हणींचा साठा गाठीशी असूनही इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी ‘श्यूवेई’ या आपल्याच शब्दापाशी अडतो. कोश त्यापुढे ‘हिपोक्रिटिकल’ लिहून मोकळे होतात. पण चिनीत वाजवीपेक्षा जास्त आदब दाखवणाराही श्यूवेई ठरू शकतो. इंग्रजीतला हिपोक्रिट म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरच्या नटाचा. चिनी लेखक जिन योंगच्या कादंबरीतला युए बुछुन, सज्जन म्हणून मिरवणारा आणि आतून सत्तेचा भुकेला, हे अशा हिपोक्रिटचं चोख उदाहरण. तोंडदेखली स्तुती करणाऱ्याला हिपोक्रिट म्हटलं, तर आरोप भलताच जड होतो; तिथे ‘इन्सिन्सिअर’ किंवा बोलीतलं ‘फेक’ पुरे.

माणूस नेमका कसा खोटा वागला, यावर इंग्रजी शब्द ठरतो. ‘टू-फेस्ड’ सोपा, कारण दोन तोंडं चिनीतही आहेत. वरिष्ठांपुढे लाळ घोटणारा तो ‘सिकोफंट’. चिनी त्याला घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारायला लावतात. अंगचटीला येणारं तेलकट लाघव म्हणजे ‘अंक्चुअस’. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला युरिया हीप आठवा, उठताबसता आपण किती दीन हे ऐकवणारा. सर्वांत निसरडा शब्द ‘डिसइन्जेन्युअस’. हा माणूस धडधडीत खोटं बोलत नाही. सगळं ठाऊक असून भोळेपणाचा आव आणतो. राजकारणावरच्या अग्रलेखांत हा शब्द हमखास भेटतो, म्हणून परीक्षेपुरता नव्हे, तर खराच शिकावा.

नव्या पिढीचं थोडं सोपं आहे. वरवरच्या मैत्रिणींना चिनी इंटरनेटवर ‘प्लास्टिक बहिणी’ म्हणतात आणि २००४च्या ‘मीन गर्ल्स’ या अमेरिकी चित्रपटातलं टोळकंही ‘द प्लास्टिक्स’च. मात्र निरागसतेचा बुरखा घेऊन डाव साधणाऱ्या तरुणीसाठीची ‘ग्रीन टी’ ही चिनी शिवी लंडनमध्ये तशीच उच्चारली, तर समोर कप येईल. इंग्रज तिथे लोण्याकडे वळतात: हिच्या तोंडात म्हणे लोणीसुद्धा वितळायचं नाही.