उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टव्हंट या विद्यार्थ्याने १९११ साली एका रात्री नेमून दिलेला अभ्यास बाजूला सारला आणि फळमाश्यांच्या संकराचे आकडे पुढे ओढले. कोणती लक्षणे पुढील पिढीत बहुधा एकत्र उतरतात आणि कोणती वारंवार विलग होतात, याची नोंद त्या आकड्यांत होती. क्वचित विलग होणारी जनुके गुणसूत्रावर एकमेकांजवळ असली पाहिजेत आणि वारंवार विलग होणारी दूर, एवढ्या साध्या तर्काच्या आधारे त्याने गुणसूत्राचा पहिला नकाशा रेखाटला. १९१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आनुवंशिकीच्या इतिहासातील हे मोठे पाऊल एका पदवीच्या विद्यार्थ्याने टाकले होते.

ते ज्या प्रयोगशाळेत पडले तिचा थाट कसा होता? १६ फूट रुंद आणि २३ फूट लांब अशी एक खोली, दुधाच्या बाटल्या, पिकलेली केळी आणि भिंगे. थॉमस हंट मॉर्गन यांनी त्या खोलीत विद्यार्थ्याला एक मेज दिले आणि ज्याचे उत्तर त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. बाटल्या धुण्याच्या कामावर ठेवलेल्या कॅल्व्हिन ब्रिजेस या दुसऱ्या विद्यार्थ्याने जाड काचेतूनही निराळ्या छटेच्या डोळ्यांची माशी हेरली, तेव्हा त्यालाही तेथे स्थान मिळाले.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा मार्ग मोकळा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन करता येते आणि त्याच्या प्रबंधाला १२ श्रेयांक असतात. योजना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो, पहिल्या तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या अंगी काय बाणते, हा.

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे परिचित स्वरूप पाहावे. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, आकृती काढावयाची, जर्नलवर सही घ्यावयाची. काय दिसणार हे आधीच छापलेले असते. न दिसल्यास शेजाऱ्याची आकृती उतरविली जाते आणि तिलाही पूर्ण गुण मिळतात. हात बसण्यासाठी असे प्रयोग आवश्यक आहेत हे खरे. परंतु अपेक्षित तेच दिसले पाहिजे, हा संस्कार संशोधनाच्या मुळावर येणारा आहे. तीन वर्षे ठरावीक उत्तर लिहिलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी एकाएकी प्रांजळ निरीक्षक कसा होणार? प्रयोग फसल्यास गुण जातील या भीतीने तो आकडे रचेल, किंवा जुना प्रबंध शब्द बदलून सादर करील. मग पदवीच्या नावात संशोधन राहील, विद्यार्थ्याच्या अंगी मात्र नाही.

साधने नाहीत, अनेक अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, वर्ग भरगच्च आहेत, या तक्रारी निराधार नाहीत. तासांच्या संख्येवर मानधन घेणाऱ्या अध्यापकाकडून संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबण्याची अपेक्षा करणे अन्यायाचेच होईल. शासनाने रिक्त जागा भरल्यावाचून हे वर्ष यशस्वी होणे कठीण. तथापि प्रत्येक प्रश्नाला महागडे यंत्र लागतेच असे नाही. फळमाशीची एक पिढी उबदार हवेत दहाबारा दिवसांत पुरी होते आणि पिकल्या केळ्यावर ती कोणत्याही गावी सापडते. महाविद्यालयाच्या आवारातील शेवग्याच्या फुलांवर कोणत्या वेळी कोणते कीटक येतात, पहिल्या पावसानंतर डबक्यात कोणते जीव कोणत्या क्रमाने दिसू लागतात, यांची त्या ठिकाणची उत्तरे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाहीत. वही, घड्याळ, भिंग आणि चिकाटी एवढे भांडवल त्यांना पुरते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. पहिल्याच वर्षापासून प्रत्येक सत्रात निदान एक प्रात्यक्षिक असे असावे, की ज्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नाही. आणि गुण निष्कर्षाला न देता नोंदींच्या प्रामाणिकपणाला द्यावेत. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा जसाच्या तसा लिहिणाऱ्याला त्याची शिक्षा होऊ नये. ७५ टक्क्यांच्या अटीचाही फेरविचार व्हावा, कारण पाठांतरात मागे राहिलेला एखादा ब्रिजेस त्या उंबरठ्याबाहेरच राहण्याचा संभव आहे.

मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी त्या रकमेतील वाटा स्टर्टव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांना दिला. शोध आपल्या एकट्याचा नाही, याची ती कबुली होती. विद्यार्थ्याला सहकारी मानण्याची ही वृत्ती कोणत्याही परिपत्रकाने येत नाही. पण तिच्यावाचून चौथे वर्ष हे केवळ आणखी एका वर्षाचे शुल्क ठरेल.