मोटारीची रोजनिशी

घरांत नवी मोटार आली म्हणजे तिचा रंग, आंतील जागा व एका लिटरांत ती किती किलोमीटर जाते यांची चर्चा चार दिवस पुरते. पूजा होते, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात, आणि ज्यांच्या नांवावर गाडी घेतली ते गृहस्थ गाडीच्या पडद्यावरील ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकवून मोकळे होतात. त्या एका बोटानें त्यांनीं कशाकशास मान्यता दिली, हें मात्र त्या चार दिवसांत कोणी विचारीत नाहीं. मोटार आतां आपली रोजनिशी स्वतःच लिहूं लागली आहे. इतकेंच नव्हे, तर ती रोजनिशी परस्पर दुसरीकडे धाडूनही देते. पूर्वींचा रोजनिशी लिहिणारा गृहस्थ निदान आपली वही कुलुपांत ठेवीत असे. मोटारीची वही कोठें राहते व ती कोणास वाचावयास मिळते, याचा आज आम्ही थोडा विचार करणार आहोंत.

प्रथम यंत्राची जुजबी ओळख करून घेऊं. जुन्या मोटारींत पायानें ॲक्सिलरेटर दाबला कीं एक तार ओढली जाई व इंजिनास पेट्रोल अधिक मिळे. आजच्या मोटारींत हीं कामें लहान लहान संगणकांकडे सोंपविलेलीं आहेत. एक इंजिन पाहतो, एक ब्रेक पाहतो, एकाकडे एअरबॅग असते, एकाकडे दारें व कांचा. हे संगणक एकमेकांशीं बोलले नाहींत तर गाडी जागची हलणार नाहीं. त्यासाठीं जर्मनींतील बॉश कंपनीनें 1983 मध्यें कामास आरंभ करून 1986 मध्यें ‘कॅन’ नांवाची पद्धति जाहीर केली. वाड्याच्या चौकांत कोणीं हांक दिली कीं ती सर्व बिऱ्हाडांस ऐकूं जावी आणि ज्याचें काम असेल त्यानेंच ओ द्यावी, तशी ही व्यवस्था आहे. दोन पिळलेल्या तारांवरून जाणारा प्रत्येक निरोप सर्वांच्या कानांवर पडतो. अर्थात् त्या चौकांत जो कान देऊन बसेल त्यास घरांतील सर्व कांहीं कळतें. गॅरेजमधील मिस्त्री स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस आपलें यंत्र खोंचतो आणि गाडीचें दुखणें वाचून दाखवितो, तें याच तारांच्या जोरावर.

या नोंदींचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें पुष्कळ गैरसमज पसरले आहेत. पहिली वही अपघाताची. विमानांतील ब्लॅक बॉक्सविषयीं वाचकांनीं ऐकलेंच असेल. त्याचेंच हें धाकटें भावंड होय. एअरबॅग ज्या संगणकाच्या स्वाधीन असते त्यांतच ही वही असते. गाडी सुखरूप चालली असतां ती सारखी लिहिते आणि सारखी पुसते. एअरबॅग फुटली, किंवा धक्क्यानें गाडीचा वेग निमिषांत ताशीं 8 किलोमीटरांनीं बदलला, कीं त्या क्षणाचें पान राखून ठेवलें जातें. अमेरिकेच्या 2006 सालच्या नियमानें या पानावर धक्क्यापूर्वींचे 5 सेकंद मागितले: वेग किती होता, ब्रेकवर पाय होता कीं नाहीं, ॲक्सिलरेटर किती दाबलेला होता, पट्टा बांधला होता काय. 2024 च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें हे 5 सेकंद वाढवून 20 करण्याचें ठरविलें. युरोपीय संघांत 2024 च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत ही वही सक्तीची झाली आहे. तीं 5 सेकंदें लिहिण्यास ना आवाज लागतो, ना चित्र, ना गांवाचें नांव.

तिचा उपयोग काय होतो, याचें एक उदाहरण देतों. मॅसॅच्युसेट्स राज्याचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर टिमोथी मरे यांची सरकारी मोटार 2011 च्या नोव्हेंबरांत पहांटेच्या वेळीं रस्ता सोडून उलटली. सुदैवानें ते बचावले. आपण पट्टा बांधला होता आणि वेगही मर्यादेंतच होता, असें त्यांनीं प्रथम सांगितलें. पुढें वही वाचली गेली तेव्हां वेग ताशीं 108 मैल, म्हणजे सुमारें 174 किलोमीटर होता व पट्टा बांधलेला नव्हता, असें निघालें. बहुधा आपला डोळा लागला असावा, असें त्यांनीं मागाहून म्हटलें. अशा प्रसंगीं मनुष्य जाणून बुजून खोटें बोलतो असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्याच्या स्मृतीवर न्यायाधीशानें किती विसंबावें, हा प्रश्न उरतोच. शिवाय या वहींतील मजकूर मोटारीच्या मालकाचा आहे, असें अमेरिकेनें 2015 सालच्या कायद्यानें ठरवून टाकलें. तेव्हां या पहिल्या वहीविरुद्ध आमची फारशी तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती दुसऱ्या वहीविषयीं. हिला पुसण्याची घाई नसते, आणि अपघाताची वाटही ती पाहत नाहीं. गाडीच्या पोटांत एक सीमकार्ड बसविलेलें असतें व त्यावाटे गाडी कोठें उभी आहे, केव्हां निघाली, किती वेगानें गेली, ब्रेक कितीदां जोरानें दाबला गेला, हें सर्व कंपनीच्या कोठारांत जाऊन पडतें. त्या कोठारास ‘क्लाउड’ असें मेघासारखें हलकें नांव आहे. प्रत्यक्षांत तीं बहुधा दुसऱ्याच एखाद्या कंपनीचीं भाड्यानें घेतलेलीं यंत्रें असतात. भारतांत 2019 सालीं एम. जी. हेक्टर व ह्युंदाई व्हेन्यू या गाड्या विक्रीस आल्या, तेव्हांपासून इंटरनेटशीं जोडलेली मोटार ही मध्यम वर्गाच्याही आटोक्यांत आली.

ही सोय निरुपयोगी आहे असें कोणीं समजूं नये. चोरीस गेलेली गाडी कोठें आहे हें तिच्यामुळें कळतें. युरोपांत 31 मार्च 2018 पासून नव्यानें मंजूर होणाऱ्या मॉडेलांत अशी योजना सक्तीची आहे कीं, मोठा अपघात होतांच गाडीनें आपण होऊन 112 या क्रमांकास फोन लावावा व आपलें ठिकाण कळवावें. रात्रीच्या वेळीं निर्जन रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या मनुष्यास याहून मोठा उपकार कोणता? परंतु तेथील कायदा करणारांनीं एक गोष्ट बजावून ठेवली: अपघात होईपर्यंत या यंत्रानें गाडीचा माग काढीत बसूं नये. माहिती संकटकाळीं द्यावयाची असेल तर ती एरवीं गोळा करण्याचें कारण नाहीं, हें यावरून दिसून येईल.

उलट बाजू अमेरिकेंत दिसली. 2024 च्या मार्चमध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ नें एक हकीकत प्रसिद्ध केली. सिॲटल शहरानजीक राहणाऱ्या एका गृहस्थाच्या विम्याचा हप्ता 2022 सालीं एकाएकीं 21 टक्क्यांनीं वाढला. हे गृहस्थ शेव्हरोले बोल्ट जातीची गाडी सांभाळून चालवीत, अपघाताचा डाग नव्हता. कारण शोधतां शोधतां त्यांनीं लेक्सिसनेक्सिस नांवाच्या संस्थेकडून आपल्याविषयींचा अहवाल मागविला, तो निघाला 258 पानांचा! सहा महिन्यांतील 640 फेऱ्या, प्रत्येकीचा आरंभ, शेवट, अंतर, आणि वेगवाढीचा व जोरानें लागलेल्या ब्रेकचा हिशेब त्यांत होता. ही माहिती जनरल मोटर्स कंपनीच्या ऑनस्टार सेवेंतून गेली होती. बोभाटा होतांच कंपनीनें तो व्यवहार थांबविला. पुढें 2025 च्या जानेवारींत फेडरल ट्रेड कमिशननें कंपनीवर ठपका ठेवला कीं, ती गाडीचें ठिकाण कधीं कधीं दर 3 सेकंदांस टिपीत असे. आणि अशी माहिती 5 वर्षें अहवाल विकणाऱ्या संस्थांस देऊं नये, असा आदेश पुढें ठेवला.

या हकीकतींतील एका बारकाव्याकडे आमचें विशेष लक्ष गेलें. त्या 640 फेऱ्या एकट्या मालकाच्या नव्हत्या. कांहीं त्यांच्या पत्नीच्याही होत्या. अहवाल मात्र एकच. कोणत्या वेळीं चाकावर कोणाचे हात होते हें वहीला ठाऊक नसतें.

नुसत्या पतिपत्नींच्या घरीं ही अवस्था, मग आपल्याकडे एका गाडींत सासरे, दोघे मुलगे, सुना, कॉलेजांत जाणारी नात आणि पगारी ड्रायव्हर अशीं सात माणसें आळीपाळीनें बसतात, तेथें काय होत असेल? संमति दिली एकानें. रोजनिशी लिहिली गेली सातांची. ड्रायव्हरास तर अशी कांहीं वही आहे याचाही पत्ता नसतो.

आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका कुटुंबांत घडलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाडी वडिलांच्या नांवावर, म्हणून तिचें ॲपही वडिलांच्या फोनवर. धाकट्या मुलानें चोरीच्या भीतीनें त्यांत अशी योजना करून ठेवली होती कीं, गाडी शहराची हद्द ओलांडतांच फोनवर निरोप यावा. एके दुपारीं धाकटी सून गाडी घेऊन तळेगांवास नोकरीच्या मुलाखतीस गेली. निकाल लागल्याशिवाय घरांत बोलूं नये, असा तिचा विचार. रात्रीं पानावर बसतांना सासऱ्यांनीं अगदीं सहज, कांहीं मनांत न ठेवतां, विचारलें, ‘आज तळेगांवास काय काम निघालें?’ त्या प्रश्नांत संशय नव्हता, सासरे मोठे सालस आहेत. तथापि सर्वांदेखत ती मुलगी गोरीमोरी झाली, आणि न केलेल्या अपराधाचें उत्तर देण्याची पाळी तिच्यावर आली. तिनें मागाहून नवऱ्यास एवढेंच विचारलें म्हणतात कीं, ‘गाडी बोलते हें मला कोणीं कां सांगितलें नाहीं?’ तो बिचारा चोराचा विचार करीत होता. बायकोचा विचार त्याच्या मनांतही आला नव्हता.

एकत्र कुटुंबांत एकमेकांचें येणें-जाणें पूर्वींही सर्वांस ठाऊक असे, मग यांत नवें तें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें म्हणणें पटत नाहीं. ओसरीवर बसलेल्या आजोबांना नातसून बाहेर पडलेली दिसे, तेव्हां तिलाही आजोबा दिसत. पाहणारा व पाहिला जाणारा हे एकमेकांस ओळखून असत, आणि शहाणीं माणसें पुष्कळदां पाहून न पाहिल्यासारखें करीत. त्या डोळेझांकीवरच घर चालत असे. यंत्राला डोळेझांक करतां येत नाहीं. जेथें घरांत सलोखा आहे तेथें एवढ्यानें थोडा संकोच होऊन भागतें. पण जेथें छळ आहे तेथें हीच वही छळणाराच्या हातीं सांपडते. कॅलिफोर्निया राज्यास 2024 सालीं यासाठीं खास कायदा करावा लागला. छळाला कंटाळून गाडी घेऊन निघून गेलेल्या व्यक्तीनें न्यायालयाचा मनाई हुकूम वगैरे पुरावा दाखवून मागणी केली असतां, छळणाराच्या फोनला गाडीचें ठिकाण दिसणें कंपनीनें बंद करावें, असें त्यांत आहे.

कोठारांची सुरक्षितता हा आणखी एक विषय. 2023 च्या मे महिन्यांत टोयोटा कंपनीनें कबूल केलें कीं, जपानमधील सुमारें साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळ जवळ 10 वर्षें कोणासही पाहतां येण्याजोगी उघडी राहिली होती. 2024 च्या डिसेंबरांत फोक्सवॅगन समूहाच्या सुमारें 8 लाख विजेच्या गाड्यांविषयीं तसेंच उघडकीस आलें, आणि त्यांपैकीं बऱ्याच गाड्यांचें ठिकाण तर हातभर अंतराच्याही आंत अचूक नोंदलेलें होतें. एवढ्या बारकाव्यानें ती कोणासाठीं लिहून ठेवली होती, कोण जाणे!

आपल्याकडे 2023 सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरांत निघाले व मुख्य बंधनांच्या अमलास 18 महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. त्यांतील दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या. संमति मागतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय ग्राहकास मिळाली पाहिजे, असें कायदा सांगतो. म्हणजे ती मराठींत मागण्याचा आपणांस हक्क आहे. दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. घरगुती कारणासाठीं एखाद्या व्यक्तीनें माहिती वापरली, तर तेथें हा कायदा लागूच होत नाहीं. सासऱ्यांच्या फोनवर सुनेची फेरी दिसते, त्यांत हा कायदा पडत नाहीं. तो प्रश्न घरानेंच सोडवावयाचा आहे.

वर सांगितलेल्या कुटुंबानें तो असा सोडविला: हद्दीचा निरोप बंद केला, ॲपचा संकेतशब्द घरांतील गाडी चालविणाऱ्या सर्वांना दिला, आणि ड्रायव्हरासही गाडी काय लिहिते तें समजावून सांगितलें. यांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला नाहीं. सुनेस ती नोकरी मिळाली, हेंही सांगून टाकतों, कारण वाचकांस ती उत्सुकता असेलच.

विम्याचें दालन आपल्याकडेही आतां उघडलें आहे. 2022 च्या जुलैमध्यें विमा प्राधिकरणानें गाडी किती व कशी चालविली यावर हप्ता ठरविण्यास परवानगी दिली. जो थोडी व सावकाश गाडी चालवितो त्याचा यांत फायदा आहे. परंतु सही करण्यापूर्वीं ही माहिती कोणत्या वाटेनें जाणार, फोनमधून, स्वतंत्र यंत्रांतून कीं गाडींतूनच, व विम्याखेरीज अन्य कोणास मिळणार काय, हें दलालास लेखी विचारावें. तोंडी उत्तर घेऊन परत येऊं नये.

शेवटीं जुन्या गाडीविषयीं दोन शब्द. गाडी विकतांना आपण किल्लीची दुसरी जोडी आठवणीनें देतों, कांचेवरील गणपतीही काढून घेतों. पण तिला आजवर जोडलेल्या प्रत्येक फोनमधील नांवें, क्रमांक व घराचा पत्ता आंतील पडद्याच्या पोटांत तसाच राहतो. पडद्यावरील सेटिंगमध्यें जाऊन सर्व माहिती पुसून गाडी मूळ स्थितींत आणण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. आणि आपल्या फोनवरील ॲपमधून ती गाडी काढून टाकावी, नाहीं तर नव्या मालकाची गाडी रात्रीं कोठें उभी आहे तें जुन्या मालकास दिसत राहण्याचा संभव आहे. जुनी गाडी घेणारानेंही हें काम आपल्यासमक्ष करवून घ्यावें, व तें होईपर्यंत शेवटचा हप्ता हातचा राखून ठेवावा.