बेटकुळीचं बळ

आपल्या शरीरात ६००हून अधिक स्नायू आहेत, पण एकालाही ढकलता येत नाही. स्नायू फक्त ओढतो. म्हणून जोडी लागते: मुलं कौतुकानं दाखवतात ती दंडावरची बेटकुळी कोपर वाकवते, हात सरळ करतो तो दंडामागचा स्नायू. स्नायूतंतूच्या आत मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांना पकडून खेचतात. इशारा कॅल्शियमचा, ऊर्जा एटीपी या रेणूची. विलक्षण गोष्ट अशी, की ही पकड सोडवायलाही एटीपीच लागतं. मृत्यूनंतर ते संपतं, धागे अडकून राहतात आणि काही तासांत देह ताठरतो. हातापायांचे स्नायू मेंदूच्या हुकमानं हलतात, हृदयाचा स्नायू मात्र त्या हुकमाची वाट पाहत नाही. दिवसाला सुमारे १ लाख वेळा तो आपणहून आकुंचन पावतो.