प्रवासाच्या खुणा आणि शयनगृह



घर सजवावयाचें म्हटलें कीं आपलें लक्ष प्रथम बैठकीच्या खोलीकडे जातें. कारण ती पाहुण्यांच्या दृष्टीस पडते. शयनगृह मात्र केवळ आपल्याकरितां असतें, आणि म्हणूनच तेथें काय ठेवावें याचा विचार अधिक काळजीनें करावयास हवा. जुन्या प्रवासाच्या वस्तूंनीं ही खोली सजविण्याची हौस अलीकडे पुष्कळ दिसते. मुद्दाम जुनाट केलेल्या पेट्या व परदेशी शहरांचीं चित्रें बाजारांत हवीं तेवढीं मिळतात. परंतु ज्या प्रवासाशीं आपला कांहीं संबंध नाहीं, त्याचीं चिन्हें भिंतीवर टांगल्यानें खोलीस दुकानाची कळा येते. प्रवास आपल्या घराचा व आपल्या मुलखाचा असावा, हें पहिलें सूत्र होय.

बारामती व इंदापूर हे तालुकेच पाहा. दौंडाहून बारामतीस येणारी अडीच फूट मापाची छोटी आगगाडी १९१४ सालीं सुरू झाली. पुढें तो मार्ग रुंद झाला. पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता इंदापुरावरून जातो. आषाढी वारींत श्रीतुकाराममहाराजांची पालखी या दोन्ही गांवांतून पंढरीची वाट चालते. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली. रूळ, सडक, पायवाट आणि समुद्र असे चारही मार्ग येथल्या इतिहासांत आहेत. मात्र ते चारही एका खोलींत कोंबूं नयेत. घरांतील माणसांनीं ज्या मार्गानें खरा प्रवास केला, तो एकच निवडावा.

आतां वस्तूंकडे वळूं. माळ्यावर पडलेली लोखंडी ट्रंक पलंगाच्या पायथ्याशीं ठेवली असतां बसावयास व पांघरुणें ठेवावयास उपयोगी पडते. तिचा गंज काचकागदानें हलकेच घासावा, कोरड्या फडक्यानें पुसावा व तेलाचा पुसट हात फिरवावा. झांकणावर आजोबांचें नांव व गांव पांढऱ्या रंगानें लिहिलेलें असेल, तर त्यास मात्र हात लावूं नये. ट्रंक दुसरी मिळेल. तीं अक्षरें मिळावयाचीं नाहींत. भंगाराच्या वजनांत अशी पेटी देऊन टाकतांना आपण घराच्या इतिहासाचें एक पानच देऊन टाकतों.

नकाशे, तिकिटें व छायाचित्रें यांस ऊन आणि ओल हे दोन शत्रु आहेत. उन्हानें शाई व रंग उडतात. ओलीनें कागदास बुरशी धरते. म्हणून मूळ कागद पेटींत जपावा व त्याची प्रतिकृति भिंतीवर लावावी. कांच आणि कागद यांमध्यें जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी, म्हणजे पावसाळ्यांत कागद कांचेस चिकटत नाहीं. चौकटीमागें बुचाचे छोटे तुकडे लावल्यास भिंतीशीं वारा खेळतो. चिकटपट्टी कधींही वापरूं नये. ती पिवळी पडते आणि काढतांना कागद फाडते. उशाशीं जड चौकट टांगणें तर सर्वस्वीं टाळावें.

पलंगावर सोलापुरी चादर अथवा घडी केलेली घोंगडी शोभते. दोन्ही प्रवासांत वागविलेल्या वस्तु आहेत. फिरकीचा तांब्या लख्ख घासून उशाजवळ पाण्याकरितां ठेवावा. कंदिलांत मंद विजेचा दिवा बसवावा; बंद खोलींत रॉकेल जाळणें घातक होय. वारकऱ्याचे टाळ व पताका मात्र देवघरांतच राहूं द्याव्या. त्या श्रद्धेच्या वस्तु आहेत. त्यांची शोभा करूं नये.

अखेरीस एक गोष्ट विसरूं नये. शयनगृह हें झोपेकरितां आहे, संग्रहालय नव्हे. एक भिंत, एक पेटी व दोन-तीन वस्तु एवढें पुरे. उरलेल्या भिंती मोकळ्या असाव्या. मात्र प्रत्येक वस्तूची हकीकत, म्हणजे कोण, कोठून कोठें व केव्हां गेलें, ही एका चिठ्ठीवर लिहून तिच्यापाशीं ठेवावी. ती सांगणारी वडील माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. त्यांच्यामागें पेटी उरेल, पण तिचा प्रवास कोणासही ठाऊक असणार नाहीं.